नव्वद रात्री मोजायच्या कोणी?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राहती घरे पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिली जाण्याविषयी फोंड्याच्या माझ्या मावसभावाशी परवा बोलणे झाले. गोव्यातही लंडनसारखी वर्षाला नव्वद रात्रींची मर्यादा घालावी, म्हणजे प्रश्न मिटेल, असे त्याचे मत पडले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात नऊ वर्षे राहून आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात लंडनला आलो. दोन्ही शहरांचे नियम मी शेजारी या नात्याने अनुभवले आहेत आणि त्यावरून हे मत मला घाईचे वाटते.

लंडनमध्ये १९७३ च्या एका कायद्यानुसार राहते घर सलग नव्वद रात्रींपेक्षा कमी मुदतीसाठी देणे हा घराच्या वापरातील बदल मानला जात असे आणि त्यासाठी नियोजन परवानगी लागत असे. २०१५ च्या कायद्याने ही अट सैल केली. जो त्या घराचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक घरपट्टीसारखा कर, भरण्यास बांधील आहे त्याला एका कॅलेंडर वर्षात एकूण नव्वद रात्रींपर्यंत परवानगीशिवाय घर देता येऊ लागले. सुट्टीत महिनाभर भारतात जाणाऱ्या कुटुंबाला याचा खरा उपयोग होतो, हे मी मान्य करते. मात्र हे करताना घरांची नोंदवही ठेवण्याची तरतूद कायद्यात केली गेली नाही. पर्यटकांना घरे मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने २०१७ पासून आपल्यापुरती नव्वद रात्रींची आपोआप मोजणी सुरू केली, पण तेच घर दुसऱ्या संकेतस्थळावर टाकले की तिथली मोजणी पुन्हा शून्यापासून होते. सगळ्या रात्रींची बेरीज करून नियमभंग सिद्ध करण्याचे काम स्थानिक कौन्सिलवर येऊन पडते आणि व्यवहारात ते शेजाऱ्यांकडे सरकते.

ते माझ्याकडेही सरकले. आमच्या वरचा फ्लॅट वर्षभर पर्यटकांना दिला जातो. मध्यरात्री जिन्यावरून चाकांच्या बॅगा ओढल्याचे आवाज येतात, चुकून आमचीच बेल दाबली जाते, आणि इमारतीच्या मुख्य दाराचा सांकेतिक क्रमांक आजवर किती अनोळखी लोकांना कळला असेल याचा विचार मुले घरी एकटी असताना मनातून जात नाही. मी कौन्सिलला लिहिले, तेव्हा दिनांक, वेळ आणि माणसांची संख्या यांची नोंद ठेवावी, असे सौजन्याने सुचवण्यात आले. एप्रिल ते ऑगस्ट मी वही लिहिली. शंभराहून अधिक रात्री भरल्या, आणि तरीही त्या वहीतून वर येणारी माणसे पैसे देऊन आली होती की घरमालकाचे पाहुणे होती, हे सिद्ध होत नाही. ते ज्याला नक्की ठाऊक आहे त्या संकेतस्थळाला कौन्सिलला तसे सांगायला भाग पाडणारा नियमच नाही.

न्यूयॉर्कने नेमका हाच भार उलटा टाकला. तिथला 'लोकल लॉ १८' हा २०२२ साली झाला आणि ५ सप्टेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर देणाऱ्याने शहराकडे नोंदणी करायची, आणि आरक्षण घेणाऱ्या संकेतस्थळाने तो नोंदणी क्रमांक शहराच्या यंत्रणेत पडताळून मगच व्यवहार पूर्ण करायचा, अशी त्याची रचना आहे. पडताळणी न करता केलेल्या प्रत्येक व्यवहारामागे संकेतस्थळाला १,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय आपल्या इमारतीत असे भाडे चालत नसेल तर मालकाला ती इमारत प्रतिबंधित यादीत नोंदवता येते आणि मग तिथल्या कोणालाही नोंदणी मिळत नाही. आमच्या क्वीन्सच्या इमारतीतील दोन फ्लॅट त्या हिवाळ्यात पुन्हा वर्षाच्या कराराने दिले गेले. शेजाऱ्यांपैकी कोणालाही वही लिहावी लागली नाही.

तरीही न्यूयॉर्कचा नियम जसाच्या तसा उचलावा, असे मी म्हणणार नाही. तिथे यजमानाने स्वतः त्याच घरात हजर राहायला हवे आणि पाहुणे एका वेळी दोनच हवेत. आईवडिलांच्या आजारपणासाठी सहा आठवडे पुण्याला गेलेल्या आमच्या एका परिचितांना आपले रिकामे घर चार दिवसांसाठीही कोणाला देता आले नाही. स्वतःच्या राहत्या घराचा अधूनमधून आधार घेणारा माणूस आणि दहा फ्लॅट घेऊन धंदा करणारा माणूस यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, आणि या एका बाबतीत लंडनचा कायदा अधिक समंजस आहे. न्यूयॉर्कमधील भाडी तिथल्या कायद्याने उतरली, असेही मला दिसले नाही. इमारतीत शेजारी पुन्हा राहायला आले, एवढे मात्र दिसले.

इंग्लंडनेही २०२३ च्या कायद्यात अशा घरांच्या नोंदणीची तरतूद केली आहे. म्हणजे नुसता आकडा पुरत नाही, हे इथेही मान्य झाले आहे.

गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटकांना राहण्यासाठी जागा देणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. लंडनला २०१५ साली जो पाया घालता आला नाही तो तिथे आधीच कागदावर आहे. रात्रींची मर्यादा नव्वद असावी की साठ, यावर वाद घालण्याआधी प्रत्येक जाहिरातीवर नोंदणी क्रमांक असावा, त्याची पडताळणी संकेतस्थळाने करावी आणि ती न करता आरक्षण घेतल्यास दंड संकेतस्थळावर बसावा, एवढी तरतूद गोवा सरकारने आणि तोच विचार करणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटनस्थळांच्या नगरपरिषदांनी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, लंडन