जिनिंगमधला हंगाम कागदावर कोण आणणार?

मा. संपादक,

कापसाचा हंगाम तोंडावर आला की हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांत, एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘युनियन आली की जिनिंगला कुलूप लागते.’ युनियन म्हणजे झेंडा आणि संप एवढीच ओळख असल्यावर दुसरे काय बोलणार? चार-पाच महिन्यांच्या हंगामी कामात संप हे युनियनचे सगळ्यात लहान काम. मोठे काम वही-कागदाचे आहे आणि नेमके तेच होत नाही.

पीएफचेच घ्या. हंगामी कारखान्यात वर्षातले थोडेच महिने काम झाले तरी पेन्शन योजनेत ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे असे १० हंगाम नोंदीवर आले की ५८व्या वर्षी पेन्शनचा हक्क. रेजांना (मजूर बायकांना), हमालांना हे सांगतो कोण? ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार नवा यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) काढतो, जुना तसाच पडून राहतो. बायकांच्या जुन्या खात्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. नाव जुळत नाही म्हणून दोन खाती एक होत नाहीत. त्यात हंगाम संपला की १०-सी हा अर्ज भरून पेन्शनची रक्कमही काढून घ्यायची सवय. हाती चार पैसे येतात आणि झालेली सेवा पुसली जाते. त्याऐवजी पेन्शन योजनेतल्या सेवेचा दाखला, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, घेतले तर सेवा शाबूत राहते. ग्रॅच्युइटीतही पात्र हंगामी कामगाराला दर हंगामामागे ७ दिवसांची मजुरी आहे. पण हजेरी मुकादमाच्या खिशातल्या डायरीत असेल तर हंगाम सिद्ध कशाने करायचे? ठेकेदाराने पीएफ बुडवला तर जबाबदारी मूळ मालकावर येते. तीही नाव कुठेतरी लागलेले असेल तरच. दर महिन्याला प्रत्येकाचे पासबुक तपासून वहीत टिपणारा एक माणूस युनियनने नेमला तरी अर्धे काम झाले.

दुसरी गोष्ट बोटांची. डी. आर. (डबल रोलर) जिनवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या मशीनवर, ओला कापूस किंवा काडीकचरा रोलपाशी अडकला की चालू मशीनमध्ये हात घातला जातो. स्विच बंद करून रोल पूर्ण थांबू द्यायचा, हे ठाऊक नसलेला कामगार जिनिंगमध्ये सापडणार नाही. पण मजुरीचा हिशेब किती गाठी झाल्या त्यावर असतो. मशीन थांबले की मजुरी थांबते. एकट्याने थांबवले तर दुसऱ्या दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’. म्हणून ‘अडथळा काढण्यासाठी मशीन बंद ठेवलेला वेळ मजुरीत धरला जाईल’ ही एक ओळ लेखी करारात हवी. ती ओळ एकट्याच्या तोंडून कोणी ऐकून घेत नाही.

युनियन काढणे अवघड नाही. नोंदणीच्या अर्जावर किमान ७ सभासदांच्या सह्या लागतात, आणि एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद. अवघड आहे ते पुढे टिकवणे. वर्गणीची पावती नाही, वार्षिक विवरणपत्र भरलेले नाही, आणि नोंदणी गेल्याचे कळते ते नेमके वाटाघाटीच्या टेबलावर. शिवाय गाठी बांधणारी बाहेरून आणलेली टोळी सभासद केलीच जात नाही. मग तीच टोळी मालकाच्या हातातला हुकमी पत्ता ठरते. आणि गेटवर भाषण ठोकून ऑफिसात एकटाच जाऊन सही करून येणारे पुढारी आपल्याकडे कमी नाहीत, हेही म्हटले पाहिजे.

संपाचे म्हणाल तर औद्योगिक संबंध संहितेत १४ दिवस आधी नोटीस सगळ्याच उद्योगांत बंधनकारक आहे. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच. ऐन आवकेच्या दिवसांत रागाच्या भरात गेट बंद केले तर संप बेकायदा ठरतो आणि पगार कापला जातो. मागण्या दसऱ्याच्या आधीच लेखी द्याव्यात, ते याचसाठी.

कामगार खात्याने आणि पीएफ कार्यालयाने जिनिंग सुरू होण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी नावदुरुस्ती आणि यूएएन जोडणीचे शिबिर घ्यावे. ते रविवारी ठेवावे. इतर दिवशी रोज बुडवून रेजा येणार नाहीत.

– एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा