तोपखान्याचा इतिहास सलग नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील भारतीय तोपखान्यावरचा लेख वाचला. पायदळाच्या पराक्रमाच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तोफा चालवणाऱ्यांकडे कुणाचे तरी लक्ष गेले, याचा तोपखान्यातून निवृत्त झालेला सुभेदार म्हणून मला आनंद झाला. मात्र पन्हाळ्यावरच्या तोफा, पेशव्यांचे पानसे सरदार आणि कारगिलची बोफोर्स ही सारी एकाच अखंड परंपरेची पाने आहेत, असे जे त्या लेखात मांडले आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही. वाचायला ते गोड वाटते, पण त्यामुळे तोपखान्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भागच झाकला जातो.

मराठ्यांचा तोपखाना मोठा होता, याबद्दल वाद नाही. सोनोरीजवळ मल्हारगड बांधणाऱ्या पानसे घराण्याकडे त्याची सरदारकी होती, आणि १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य केले आहे. परंतु १८१८ नंतर तो तोपखाना उरला नाही. आजची रेजिमेंट ऑफ आर्टिलरी आपला स्थापना दिवस २८ सप्टेंबरला पाळते, कारण १८२७ साली त्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात गोलंदाज बटालियनची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी, झाली. म्हणजे ज्या ईस्ट इंडिया कंपनीने पेशवाई बुडवली, तिच्याच फौजेत आजच्या तोपखान्याचे मूळ आहे. गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरच्या पिढीजात शिबंदीच्या, उठावात, डिसेंबर १८४४ मध्ये, कंपनीच्याच तोफांनी पन्हाळ्याचा तट फोडला होता. कोल्हापूरकराला हे कबूल करायला जड जाते, मलाही जाते.

लेखात पूर्णपणे सुटलेली गोष्ट १८५७ नंतरची आहे. त्या वर्षी ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरात २७व्या मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीने उठाव केला, तो मोडला गेला, आणि पकडलेल्यांपैकी काहींना याच शहरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. उत्तरेत बंडवाल्यांच्या हाती पडलेल्या तोफांची सरकारने इतकी धास्ती घेतली की पुढे भारतीय शिपायाने बंदूक धरावी, पण तोफेला हात लावू नये, असे धोरणच ठरले. भारतीय तोपखाना मोडण्यात आला. पंजाब सरहद्द, मुंबई लष्कर आणि हैदराबाद कंटिंजंट (निजामाच्या मुलखातली इंग्रज अधिकाऱ्यांखालची फौज) यांच्याकडच्या मोजक्या तुकड्या तेवढ्या वाचल्या. डोंगराळ मुलखात खेचरांच्या पाठीवरून नेण्याच्या लहान तोफांवर भारतीय चालतील, मैदानी मोठ्या तोफांवर मात्र गोरेच, अशी ही वाटणी होती.

या लहान तोफांनी काय केले, हे एका प्रसंगावरून कळेल. २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर आलेल्या मोजक्या तोफा जवळजवळ सगळ्या २६व्या जेकब्ज आणि २१व्या कोहाट या भारतीय माउंटन बॅटऱ्यांच्या होत्या. तोफेचे सुटे भाग खेचरांवर लादायचे, चढावर नेऊन जोडायचे, आणि वरून गोळीबार चालू असताना मारा सुरू करायचा, असे ते काम होते. जेकब्ज बॅटरी मूळ मुंबई लष्कराची असली, तरी तोवर तिच्यातली माणसे पंजाबची होती. (कोल्हापूरचा उठाव मोडणारा कर्नल जेकब हा वेगळा, या बॅटरीला नाव मिळाले ते सिंधमधल्या जॉन जेकबचे.)

मैदानी तोफा भारतीयांच्या हाती परत यायला जवळजवळ पाऊणशे वर्षे लागली. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळूरला ‘ए’ फील्ड ब्रिगेड उभी राहिली. तिच्या पहिल्या भारतीय अधिकाऱ्यांत पी. एस. ग्यानी आणि पी. पी. कुमारमंगलम हे होते. कुमारमंगलम १९४२ साली लिबियाच्या वाळवंटात लढताना कैद झाले आणि १९६६ मध्ये देशाचे लष्करप्रमुख झाले. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकानातील कलादान खोऱ्यात हवालदार उमराव सिंग यांची तोफ जपानी हल्ल्यात सापडली, तेव्हा त्यांनी तोफ हलवायच्या लोखंडी दांड्यानेच झुंज दिली. नंतर ते त्या तोफेशेजारी, शुद्ध हरपलेल्या अवस्थेत आणि हातात तो दांडा तसाच धरलेले सापडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गनरच्या, म्हणजे तोफ चालवणाऱ्या सैनिकाच्या, दृष्टीने यात नवल नाही, कारण आमच्याकडे पलटणीसारखे निशाण नसते, तोफ हेच निशाण. तेव्हा ती शत्रूच्या हाती देण्याचा प्रश्नच येत नाही.

लेखात कारगिलबद्दल ‘तोपखान्याने पायदळाला मदत केली’ एवढे एकच वाक्य आहे. १९९९ च्या त्या लढाईत तोपखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेट डागले. १५५ मिलिमीटरच्या एका गोळ्याचे वजन ४३ किलोच्या आसपास असते, आणि तो विरळ हवेत, चढावरच्या गन पोझिशनवर हातांनी वाहून न्यावा लागतो. शिवाय गनवरच्या माणसाला आपला गोळा कुठे पडला हे बहुधा दिसतच नाही. ते पाहतो ओपी, म्हणजे पायदळाच्या पुढच्या फळीबरोबर वायरलेस घेऊन चढणारा तोपखान्याचा अधिकारी. पहिला गोळा कुठे पडला ते पाहून तो ‘एवढे डावीकडे, एवढे पुढे’ असे सांगतो, मागे काही किलोमीटरवर गणित होते, आणि पुढचा गोळा नेमका जातो. आपले जवान शिखराच्या जवळ पोहोचले की हा मारा कधी थांबवायचा, हाही त्याचाच निर्णय. १५८ मीडियम रेजिमेंटचे कॅप्टन आर. जेरी प्रेमराज हे अशाच कामगिरीवर असताना द्रास भागात शहीद झाले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळाले. २०२२ मध्ये द्रासच्या पॉइंट ५१४० ला ‘गन हिल’ हे नाव देण्यात आले, ते तोपखान्याच्या या कामाची दखल म्हणूनच.

लेखात महाराष्ट्राचा उल्लेख पानशांपाशीच थांबतो, हेही खटकले. कितीतरी गनर घडतात ते नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये, अधिकाऱ्यांचे शिक्षण होते देवळालीला, आणि पिनाक रॉकेट यंत्रणा पुण्यात पाषाणला विकसित झाली. मराठी माणसाला अभिमानच बाळगायचा असेल, तर तो इथेही बाळगता येईल.

शेवटी एक विनंती. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावे आहेत, आणि १९६५ व १९७१ च्या लढाया पाहिलेले गनर अजून हयात आहेत. त्यांच्याबद्दल गावात विचारले, तर ‘मिलिटरीत होते’ एवढेच उत्तर मिळते; कोणती रेजिमेंट, कोणती तोफ, कोणता भाग, याची नोंद घरच्यांकडेही नसते. येत्या २८ सप्टेंबरच्या निमित्ताने आपल्या वार्ताहरांनी अशा काही जणांना भेटून या तीन गोष्टी तरी लिहून घ्याव्यात. जाताना वेळ काढून जावे आणि जरा मोठ्याने बोलावे, कारण आमच्यापैकी बहुतेकांचे कान तोफांनी कधीच नेले आहेत.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त सुभेदार (तोपखाना), कोल्हापूर