डिशवॉशरची तोटी मशीनच्या मागे नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर रविवारी आपल्या अंकात नव्या फ्लॅटच्या जाहिराती येतात आणि त्यांत ‘किचनमध्ये डिशवॉशर पॉइंट’ (म्हणजे भांडी धुण्याच्या मशीनसाठी तोटी, सांडपाण्याची सोय आणि प्लग) हे शब्द हल्ली हमखास असतात. आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटच्या जाहिरातीतही ते होते आणि मी त्यांवरच भाळले. सांधेवाताने माझी बोटं वाकडी झाली आहेत. डिसेंबरच्या सकाळी कुकर घासायचा म्हटला की डोळ्यांत पाणी येतं. पॉइंट मिळाला, पण कुठे? मशीन बसणार त्या जागेच्या बरोबर मागे, भिंतीत.

ओटा दोन फुटी. मशीन ६० सेंटिमीटर खोल, म्हणजे तीही जवळजवळ दोन फूटच. तिच्यामागे तोटी, पाइपचं वळण आणि १६ अँपिअरचा प्लग. मग ती भिंतीला टेकणार कशी? ओट्याच्या चांगली चार इंच पुढे आली. स्वयंपाकघर सात फूट रुंद, समोर फ्रिज. मशीनचं दार खाली पाडलं की पलीकडे जाता येत नाही, आणि येता-जाता गुडघ्याला कोपरा लागतो. यजमानांनी रेटून मागे ढकलली, तर पाइप चेपला आणि पाणीच चढेना.

सांडपाण्याची तर आणखीच तऱ्हा. जमिनीलगत भिंतीतून एक उघडा पाइप काढून ठेवलेला, त्यात मशीनची नळी खुपसायची. ट्रॅप, म्हणजे पाणी साचून राहून वास आणि किडे अडवणारं पाइपचं वळण, वगैरे काही नाही. नळी अशी सरळ खाली सोडली की मशीनमध्ये भरलेलं पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. मशीन पुन्हा पाणी घेते, तेही जातं, आणि शेवटी भांडी खरकटीच ठेवून थांबते. महिनाभर आम्ही मशीनलाच दोष देत होतो. रात्री त्या पाइपातून झुरळं यायची, ते वेगळंच.

२०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत निघालेला बांधकामातला दोष बिल्डरने पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो, म्हणून त्यांच्या कार्यालयात गेलो. ‘पॉइंट चालू आहे ना, मग दोष कसला?’ असं उत्तर मिळालं. एका प्लंबरने भिंत फोडून तोटी सरकवायला सांगितली. पण तशा टाइल्स आता मिळत नाहीत, आणि आतला सीपीव्हीसी पाइप कुठून गेला आहे याचा नकाशा कोणाकडेच नाही.

शेवटी उमरेडचा एक तरुण प्लंबर आला. वाकून बघितलं आणि म्हणाला, ‘‘मशीनच्या मांगं कॉक ठेवाचाच काहून, काकू? सिंककडून घेऊ नं.’’ मागची तोटी काढून त्याने तिथे डमी, म्हणजे तोंड बंद करणारं बूच, बसवली. सिंकखालच्या साध्या अँगल कॉकच्या जागी दोन तोंडांचा टू-वे कॉक लावला. मधल्या उभ्या कडप्प्यावर ओट्याच्या ग्रॅनाइटचा भार, म्हणून छिन्नी न लावता पाणी सोडत कोअर कटरने अडीच इंची भोक पाडलं आणि दोन्ही नळ्या त्यातून सिंककडे नेल्या. सांडपाण्याची नळी आधी ओट्याच्या खालच्या बाजूला टेकेपर्यंत वर चढवून क्लिप मारली, मग खाली आणून सिंकच्या ट्रॅपला जोडली. ती अशी वर चढवल्याने पाणी ओढलं जात नाही आणि सिंक तुंबलं तरी घाण मशीनमध्ये उलटत नाही. जमिनीलगतचा पाइप बूच मारून बंद केला. प्लग मुद्दाम सिंकखाली न घेता दुसऱ्या बाजूच्या कपाटात उंचावर घेतला. अर्ध्या दिवसाचं काम. मशीन आता ओट्याच्या कडेला कड लावून उभी आहे.

हे सगळं घर बांधतानाच झालं असतं, तर फक्त तोटी दोन फूट अलीकडे घ्यावी लागली असती. नागपुरातल्या बिल्डरांना आणि आर्किटेक्टना माझी कळकळीची विनंती आहे, की डिशवॉशरची तोटी आणि सांडपाण्याची जोडणी सिंकच्या कपाटात द्या, मशीनमागची भिंत मोकळी सोडा आणि ओट्याखालचा तो खण आतून ६० सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्त रुंद ठेवा. आमच्याकडे तो नशिबाने तेवढा निघाला. आणि ज्यांचं काम अजून प्लास्टरपर्यंत आलेलं नाही, त्यांनी या आठवड्यातच साइटवर जाऊन भिंतीतल्या प्रत्येक पाइपला टेप लावून फोटो काढून ठेवावेत.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
मनीषनगर, नागपूर