चोच कोणी वाढवली नाही

चि. ओवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा विज्ञानाचा प्रकल्प वाचला. चित्रं झकास आहेत. अडलो ते एका वाक्यावर: ‘अन्न मिळावं म्हणून बेटावरच्या पक्ष्यांनी आपल्या चोची मोठ्या केल्या.’ अगं, मनात आणून चोच वाढवता आली असती, तर ते पक्षी मेले कशाला असते? आणि मेले होते, ढिगाने.

पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांमध्ये डॅफ्नी मेजर नावाचं इवलंसं बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालून एकेकाची चोच मोजत होतं. काय चिकाटी! १९७७ मध्ये पावसाने दगा दिला. आदल्या वर्षी १२७ मिलिमीटर पडलेला, यंदा जेमतेम २४. बारीक, मऊ बी पक्ष्यांनी आधी फस्त केलं. मग उरले सराटे. आपल्या माळावर चपलेत घुसतात ना, त्यांचेच भाऊबंद. त्या फळाचा तुकडा काटेरी आणि टणक. पक्षी तो खडकाला टेकवतो, चोचीत धरून पिळतो, तेव्हा कुठे आतलं बी हाती लागतं. जाड चोचीच्यांना ते जमलं. मध्यम फिंच या जातीतले शंभरातले सुमारे पंच्याऐंशी गेले. माद्या जरा लहानखुऱ्या, त्या जास्तच गेल्या.

वाचलेल्यांची सरासरी चोच आधीपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड भरली. एकाचीही वाढली नव्हती. बारीक चोचीचे मोजायला फारसे उरलेच नव्हते. आणि चोचीचा घाट आईबापांकडून पिल्लांत उतरतो, म्हणून पुढची पिढीही जाड चोचीची निघाली.

पण ‘मोठी चोच म्हणजे प्रगती’ असंही लिहू नकोस हं. १९८३ ला एल निनोने, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापल्याने, तिथे धो धो पाऊस पाडला, बारीक बी अमाप झालं आणि पुढच्या टंचाईत लहान चोचीचे तगले. २००४ च्या सुमारास पुन्हा दुष्काळ पडला. तोवर बेटावर ‘मोठा फिंच’ या दुसऱ्या, थोराड जातीच्या पक्ष्यांची वस्ती झाली होती आणि सराट्यांवर त्यांनीच ताव मारला. या वेळी मध्यम फिंचांतले जाड चोचीचे उपाशी मेले! १९७७ ला ज्या चोचीने तारलं, तिनेच मारलं.

तेव्हा ते वाक्य खोड आणि त्याजागी चोचीच्या जाडीचा आलेख काढ: १९७७ ला वर, नंतर खाली. आलेखाचा कागद आईच्या कपाटात वरच्या खणात आहे.

तुझा,
बाबा