चहा नको, कापसाची वेचणी घे

मु. पो. ता. दारव्हा, जि. यवतमाळ

चि. प्रणाली,
अनेक आशीर्वाद.

ऑक्युपेशनल थेरपीच्या ॲक्टिव्हिटी ॲनालिसिसच्या, म्हणजे एखादं काम तुकड्यांत मोडून तपासण्याच्या, जर्नलला तू ‘चहा करणे’ घेतलंस, असं बाबांकडून कळलं. पुस्तकात तोच नमुना आहे, त्यामुळे पानं भराभर भरतील. पण मेडिकलच्या ओपीडीत तुझ्यासमोर जी माणसं येऊन बसतात, त्यांतल्या बहुतेकांना घरी गेल्यावर वावरात जायचं असतं. म्हणून चहा खोडून कापसाची वेचणी घे. सर नाही म्हणणार नाहीत. म्हणाले तर ‘हा पेशंटचा रोजगार आहे’ एवढं सांग.

वेचणीच का, ते आधी सांगते. रोजच्या कामांतलं स्वावलंबन मोजणारा बार्थेल इंडेक्स तुला पाठ आहे: दहा बाबी, शंभर गुण. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना वगैरे. एखादी बाई त्यात शंभरपैकी शंभर मिळवून डिस्चार्ज होते आणि तरीही तासभर कापूस वेचू शकत नाही. कागदावर ती पूर्ण स्वावलंबी, घरात मात्र तिची मजुरी बुडालेली. बार्थेल खोटा नाही, त्यात वावर नाही एवढंच. म्हणून त्याच्या जोडीला सीओपीएम ही मुलाखतीची मोजणी घे. पेशंटलाच विचारायचं: कोणतं काम अडलंय? त्यांतली जास्तीत जास्त पाच निवडायची, प्रत्येकाला ‘किती जमतं’ आणि ‘किती समाधान आहे’ याचे १ ते १० गुण द्यायला लावायचे. पुढच्या वेळी २ किंवा जास्त गुणांची वाढ दिसली तर खरा फरक पडला असं धरतात. आपल्या बायकांना दहापैकी गुण सांगणं अवघड जातं. तिथे जमिनीवर दहा खडे ठेव आणि त्यांतले उचलायला सांग.

आता वेचणी. ‘बोंडातून कापूस काढणे’ अशी एक ओळ लिहून मोकळी होऊ नकोस, तुकडे पाड. तासातून (पिकाच्या दोन ओळींमधून) चालणं, झाडाशी थांबणं, फुटलेलं बोंड नजरेनं हेरणं, डाव्या हातानं फांदी किंवा बोंड धरणं, उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनी-मधल्या बोटानं पाकळ्यांतला कापूस एका ओढीत बाहेर काढणं, तो मुठीत साठवणं, मूठ भरली की ओटीत टाकणं. पटाईत बाई दोन्ही हातांनी वेगवेगळी बोंडं वेचते, तेव्हा ‘एक हात धरतो, दुसरा ओढतो’ हे वाक्यही तपासून घे. मग प्रत्येक तुकड्यापुढे काय लागतं ते लिही.

हाताचं काम म्हणजे तीन बोटांची चिमूट, मनगट किंचित मागे वळलेलं. चिमटीत पकडलेला कापूस सुटू न देता आधी वेचलेला तळहाताशी अनामिका आणि करंगळीनं दाबून ठेवायचा असतो, म्हणजे एकाच हाताच्या दोन बाजू एकाच वेळी दोन कामं करतात. हे निरीक्षण जर्नलमध्ये जरूर टाक, कारण अल्नर नर्व्ह (करंगळीकडचा मज्जातंतू) गेली की नेमकं हेच बिघडतं. कंबर: खालची बोंडं गुडघ्याच्या पातळीला असतात, तिथे पाठ पुढे वाकते, आणि ओटीतलं वजन पोटासमोर लोंबत असल्यानं कमरेवरचा ताण ओटी भरत जाईल तसा वाढतो. ओटी लवकर रिकामी करायला सांगणं हा साधा उपाय, पण गठुडं धुऱ्यावर (बांधावर) असेल तर फेऱ्या वाढतात आणि किलोमागे मजुरी असल्यानं बाई ऐकत नाही. गठुडं तिच्या तासाच्या मधोमध आणून ठेवायला घरच्या माणसाला सांगितलं तर ऐकते. डोळा आणि डोकं: पिकलेलं बोंड, अर्धवट फुटलेलं, कवडी झालेलं (खराब, कडक), हे वेगळं ओळखायचं असतं. सकाळी दव असताना वेचलेला कापूस ओला लागतो म्हणून थोडं थांबायचं असतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाचं काम हातापेक्षा इथेच अडतं. आणि कातडी: वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतात. ज्याला टोचलेलं कळतं तो हात मागे घेतो.

ज्याला कळत नाही त्याचं काय, हा वेगळाच विषय आहे आणि आपल्या भागात तो शिकल्याशिवाय सुटका नाही. दत्तपूर, तपोवन, आनंदवन ही कुष्ठरोग्यांसाठीची तिन्ही ठिकाणं विदर्भातलीच. कुष्ठरोगाचं औषध पूर्ण होऊन जंतू मेलेले असतात, पण अल्नर आणि मिडियन (अंगठ्याकडच्या) नर्व्हचं नुकसान राहिलेलं असतं. हाताला बधिरपणा तपासताना २ ग्रॅमचा मोनोफिलामेंट (ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू) वापरतात, पायाला १० ग्रॅमचा. डोळे झाकून, न सांगता, तंतू वाकेपर्यंतच दाब द्यायचा. ‘आता कळलं का?’ असं दर वेळी विचारलंस तर पेशंट अंदाजानं हो म्हणतो. रोजची काळजी सोपी आहे पण रोजच करावी लागते. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं हात-पाय बुडवून ठेवायचे, जाड कातडी खरखरीत दगडानं हलक्यानं घासायची, ओलं असतानाच खोबरेल लावायचं. गरम पाणी नको, ते किती गरम आहे हे त्याच हाताला कळत नाही. चुलीवरचं भांडं उतरवताना पदर पुरत नाही. जाड, कोरडी चिंधी दोन पदरी शिवून चुलीपाशी खिळ्याला टांगायला सांग. चिंधी ओली असली तर वाफेनं भाजतं, हेही सांग.

स्प्लिंटबद्दल, म्हणजे हात योग्य स्थितीत धरणाऱ्या आधाराबद्दल, जरा लांब लिहिते, कारण प्रॅक्टिकलला गुण इथेच जातात आणि पेशंटही इथेच कंटाळतो.

दंडाचं हाड मोडून रेडियल नर्व्ह गेलेला, मनगट लोंबलेला माणूस धर. पुस्तक तुला स्प्रिंगा आणि आऊटरिगरचा (बाहेर काढलेल्या तारांचा) डायनॅमिक, म्हणजे हलता, स्प्लिंट दाखवेल. ओपीडीत तो छान दिसतो. पऱ्हाटीत (कापसाच्या झाडांत) मात्र त्याच्या तारा फांद्यांत अडकतात आणि आठवड्यात तो खुंटीला लागतो. वावरात जाणाऱ्याला साधा कॉक-अप, म्हणजे मनगट मागे धरून ठेवणारा स्प्लिंट, दे. मनगट २० ते ३० अंश मागे, लांबी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या दोन-तृतीयांश, रुंदी घेराच्या निम्मी. पुढची कडा तळहाताच्या बोटांकडच्या शेवटच्या आडव्या रेषेच्या अलीकडे थांबली पाहिजे, आणि ती सरळ नव्हे, करंगळीकडे उतरती. हाताची हाडं तशीच तिरपी आहेत. कडा रेषेवर चढली की बोटं मुळातून वाकत नाहीत आणि मूठ अर्धीच होते. अंगठ्याचा उंचवटा पूर्ण मोकळा सोड, नाहीतर चिमूटच बसत नाही आणि मग स्प्लिंट लावला कशाला?

आधी वर्तमानपत्रावर पॅटर्न काढ, कापून हातावर लावून बघ, मगच गरम पाण्यात मऊ होणारी प्लास्टिकची शीट काप. शीटची किंमत लक्षात घे. ३.२ मिलिमीटरची शीट मनगटाला ठीक. पाणी ६५ ते ७० अंश, शीट साधारण मिनिटभर. पाणी याहून जास्त तापलं तर शीट ताणली जाऊन मधे पातळ होते आणि नेमकी मनगटापाशी मोडते. बाहेर काढून कोरडी कर, स्वतःच्या मनगटावर लावून उष्णता बघ, मग पेशंटच्या. तळहात वर करून ठेवला की शीट वजनानं आपोआप बसते. बोटांच्या टोकांनी दाबू नकोस, तळव्यानं धर. बोटांचे खड्डे पुढे जखमा करतात. हातात चारेक मिनिटं असतात, डोक्यावरचा पंखा चालू असेल तर त्याहून कमी, म्हणून आधी पंखा बंद. सगळं झाल्यावर हात उलटा करायला लावून पुन्हा तपास: मनगटाच्या करंगळीकडच्या हाडाचा उंचवटा कडेला घासत असेल तर कडा तिथे बाहेर वळव. आत नुसता फोम चिकटवला तर जागा आणखी कमी होते, म्हणून गादी घालायचीच असेल तर ती मोल्ड करण्याआधी हाडावर ठेवायची. २०-३० मिनिटं लावून ठेव, काढ, लाल झालेली जागा १५-२० मिनिटांत फिकी पडते का बघ. नाही पडली तर पेशंट ‘चालतंय’ म्हणाला तरी सोडू नकोस.

त्याला हेही समजव की नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. दुखापतीपासून स्नायूपर्यंत दहा सेंटीमीटर असतील तर तीन महिन्यांच्या आत मनगट उचलणार नाही. हा हिशोब पहिल्या दिवशी सांगितला नाही की पेशंट महिन्याभरात ‘गुण येत नाही’ म्हणून भलत्याच ठिकाणी मालिशला जातो, आणि तोवर बोटं आखडलेली असतात.

निंदणाचं थोडक्यात. त्यात उकिडवं बसावं लागतं, गुडघा पूर्ण आणि खुबा बराच वाकतो. सिकलसेलमध्ये (रक्ताच्या आनुवंशिक आजारात) खुब्याचं डोकं झिजलेल्या तरुण मुली आपल्याकडे येतात. त्यांना ‘व्यायाम करा’ म्हणून उपयोग नाही, उकिडवं बसणंच टाळायला हवं. लांब दांड्याचं हत्यार, नाहीतर तासातून सरकवता येईल असा ठेंगणा पाट. खुरप्याची मूठ तीन ते चार सेंटीमीटर जाड झाली की कमजोर हाताला पकड येते. त्यासाठी पुस्तकातला फोम नको, चिखल पितो. सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ.

पक्षाघाताच्या केसमध्ये सगळे ड्रेसिंगवर लिहितात. लिही तूही: आधी कमजोर हात बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी. पण भाकरीवरही लिही. परातीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही आणि एका हातानं पीठ मळता येतं. थापायला कडेची परात आणि वर प्लास्टिकचा कागद. आधी पीठ मोजून एकाच भाकरीचं, मग दोन. चुलीपाशी मात्र एकटीला बसवायचं नाही, विशेषतः डावी बाजू दुर्लक्षित होत असेल तर: पदर त्या बाजूला लोंबतो आणि तिचं लक्ष जात नाही. घरच्यांना पहिल्या भेटीतच दाखव की उठवताना कमजोर हात धरून ओढायचा नाही. खांदा निखळतो, आणि एकदा दुखायला लागला की पेशंट हातच लावू देत नाही. कमरेपाशी आधार द्यायचा.

ध्येय लिहिताना ‘पकड सुधारणे’ असलं काही लिहू नकोस. असं लिही: ‘तीन आठवड्यांत, उजव्या मनगटाला कॉक-अप लावून, उभं राहून, सलग १५ मिनिटं, कंबरेच्या उंचीची बोंडं वेचून ओटीत टाकेल.’ यात काळ, साधन, स्थिती, प्रमाण सगळं आलं आणि पुढच्या आठवड्यात मोजताही येतं. ओपीडीत पऱ्हाटी कुठून आणायची? वाळलेल्या बोंडांच्या चार-पाच फांद्या बादलीत वाळू भरून रोव आणि बोंडांत पुन्हा कापूस कोंब. त्या मी पाठवते. फांद्यांची उंची बदलत गेलं की तेच काम सोपं-अवघड करता येतं. व्हायव्हात ग्रेडिंग विचारतात तेव्हा हेच उदाहरण सांग: उंची, वेळ, बोंड किती उघडलेलं, ओटीत वजन किती, एक हात की दोन. आणि प्रत्येक उत्तराला ‘का’ जोड. ‘कॉक-अप दिला’ याला गुण नाहीत. ‘मनगट मागे गेल्याशिवाय बोटांना जोर येत नाही म्हणून दिला’ याला आहेत.

थिअरीच्या पेपरांबद्दल मला काळजी नाही. ॲनाटॉमीची ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं मानेपासूनचं जाळं) मात्र चौथ्या वर्षापर्यंत दर महिन्याला एकदा कोऱ्या कागदावर काढत जा.

दिवाळीला येशील तेव्हा वेचणी सुरू असेल. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) आणि मोजपट्टी घेऊन ये, फोन नुसता फोटोला नको, व्हिडिओला वापर. बाजूनं एक, समोरून एक, प्रत्येकी दोन मिनिटं, आणि घेण्याआधी बाईला विचार. सकाळी नऊनंतर घे आणि पुन्हा दुपारी चारला घे, थकल्यावर हात आणि पाठ कशी बदलते ते त्यातच दिसेल.

तुझी,
आई

ता.क. स्प्लिंट देताना दोन गोष्टी लेखी दे. एक, उन्हाळ्यात तो टिनावर, बंद गाडीत किंवा चुलीजवळ ठेवायचा नाही, आकार जातो. दोन, वेल्क्रोत कापसाचे तंतू अडकून तो आठ-पंधरा दिवसांत धरेनासा होतो, जुन्या टूथब्रशनं झाडायचा. पट्ट्यांचा एक जादा जोड पहिल्याच दिवशी देऊन ठेव. आणि आत जुन्या सुती बनियनची बाही घालायला सांग, घामानं कातडी फुटत नाही.