माहिती येईपर्यंत कसं वागायचं

प्रिय ओवी,

काल फोनवर तू म्हणालीस, "पुन्हा एखादा नवा व्हायरस आला तर तेव्हाचं तेव्हा बघू. आधी तो कसा पसरतो ते तरी कळू दे." तुला लेक्चरची घाई होती म्हणून मी वाद घातला नाही. पण मला ते मुळीच पटलेलं नाही. फोनवर तू मध्येच तोडतेस, पत्रात ती सोय नाही, म्हणून लिहितेय.

आजार कसा पसरतो हे कळायला वेळ लागतो, आणि तो हातपाय पसरतो नेमका त्याच वेळात. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा तू जन्मालाही आली नव्हतीस. तोही कोरोना व्हायरसच. जगभरात आठ हजारांवर लोकांना तो झाला, पावणेआठशेच्या आसपास दगावले, आणि लस नसतानाही त्या जुलैपर्यंत साथ आटोक्यात आली. कारण त्याची लागण मुख्यतः माणूस चांगला आजारी पडल्यावर व्हायची. आजाऱ्याला वेगळं ठेवलं, त्याच्या संपर्कातल्यांवर लक्ष ठेवलं, की साखळी तुटायची. कोविडने हा आधारच काढून घेतला. लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस इतरांना लागण देऊ शकत होता, आणि काहींना तर शेवटपर्यंत लक्षणंच आली नाहीत. दारोदार कपाळावर रोखलेली ती ताप मोजायची पिस्तुलं आठवतात ना? अंगात व्हायरस आहे पण ताप नाही, असा माणूस त्यांच्यासमोरून ऐटीत आत जायचा.

नवा आजार यातल्या कुठल्या जातीचा, हे सुरुवातीच्या दिवसांत कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हणून तो दुसऱ्या जातीचा आहे असं धरूनच चालायचं. "मला काही झालेलं नाही" हे तुझं लाडकं वाक्य तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं.

आणि आधी हवेकडे बघायचं. आपण सगळे हात धूत बसलो, पिशव्या पुसत बसलो आणि खिडक्या मात्र बंद ठेवल्या. कोविड हवेतून पसरत नाही, असं मार्च २०२० मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. ही भूमिका तिला पुढे बदलावी लागली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते. दारात सॅनिटायझर ठेवलेला, हस्तांदोलन नाही, गळाभेट नाही. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखं काहीतरी होतं, एवढंच. त्या तालमीनंतर त्याच्यासकट ५३ जण आजारी निघाले, दोघे गेले. गाताना, मोठ्याने बोलताना तोंडातून बारीक कण जास्त उडतात आणि बंद जागेत ते सिगारेटच्या धुरासारखे रेंगाळतात. तिथे सहा फुटांचं अंतर पाळूनही भागत नाही.

तेव्हा खोलीची खिडकी आणि तिच्यासमोरचं दार, दोन्ही उघडी ठेव. एकच उघडलं तर हवा जागच्या जागी घुटमळते. गप्पा मारायच्या तर गच्चीवर जा. थंडी वाजते म्हणशील, तर स्वेटर कशासाठी आहे?

मास्क हनुवटीवर घालायचा असेल तर घालूच नकोस. एन-९५ घे. त्याच्या नाकावरच्या पट्टीला एका हाताने चिमटा काढला की मध्ये टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. त्यामुळे दोन्ही हातांची बोटं मधून गालांकडे सरकवत ती दाबायची. मग तळवे मास्कच्या कडांभोवती धरून जोरात श्वास सोड. डोळ्यांना किंवा गालांना वारा लागला तर तो नीट बसलेला नाही. तुझा चष्मा यात कामाला येईल. काचेवर वाफ धरली, की हवा वरून निसटतेय. ओला झालेला मास्क बदल. आणि बोलायला म्हणून तो खाली ओढू नकोस. बोलतानाच तर त्याचं खरं काम असतं.

हात साबणाने वीस सेकंद धुवायचे, हे तुला शाळेपासून पाठ आहे. पुढे जाते.

खरं अवघड आहे ते घसा खवखवताच घरी बसणं. परीक्षा असते, हजेरी असते, आणि "एवढ्याशा सर्दीला काय घाबरायचं" म्हणणारे तर पैशाला पासरी. तू तापातही गोळी घेऊन वर्गात जाऊन बसणारी मुलगी आहेस, मी ओळखून आहे. गोळीने ताप उतरतो, लागण देणं थांबत नाही. साथीच्या दिवसांत असं वागणं म्हणजे शहाणपण नव्हे, मग परीक्षा कुठलीही असो. वर्ग बुडू दे. आणि गेल्या दोन-तीन दिवसांत ज्यांच्यासोबत बसलीस, जेवलीस, त्यांना लगेच कळव. तपासणीचा निकाल येईपर्यंत लाजून गप्प राहिलीस, तर तोवर त्या आपापल्या घरी जाऊन आजी-आजोबांशेजारी बसलेल्या असतील.

तसं काही झालंच, तर फोनची पहिली रिंग मला देऊ नकोस. आधी खोलीतल्या मैत्रिणींना सांग, मग डॉक्टरांना, मग मला. दम लागला किंवा छातीत दुखलं तर मात्र क्रम बघत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ. बाकी वेळी मी तिसरी आले तरी रागावणार नाही. चौथी आले तर रागावेन.

तुझी,
आई