पलंगपोस कापण्याआधी

प्रिय मंजू,

तुझं पत्र परवा मिळालं आणि तेव्हापासून आजींचा तो पलंगपोस डोळ्यांसमोरून हलत नाहीये. मधोमध विरलेला, पण कडेची कशिद्याची निळी वेल अजून शाबूत. तू लिहिलंयस, "कपाटात पडून जीर्ण होण्यापेक्षा त्याचा पिन बोर्ड करून रोज नजरेसमोर ठेवावा म्हणते, पण कात्री लावायला हात धजत नाही." तुझा हात बरोबर सांगतोय. आधी दुसऱ्या कुठल्यातरी साध्या सुती कापडाचा एक बोर्ड कर. त्यात तुझा हात बसला की मग पलंगपोसाकडे वळू. त्याला टाचण्या मात्र मी टोचू देणार नाही, त्याचं काय करायचं ते पुढे लिहिते.

हे इतक्या आग्रहाने सांगते, कारण माझा पहिला बोर्ड बिघडला होता. मुलीच्या खोलीसाठी केला होता. तिच्या आवडीचं गुलाबी सॅटिन आणलं आणि बोर्ड गुबगुबीत दिसावा म्हणून आत बोटभर जाडीचा फोम घातला. दिसायला इतका देखणा झाला! तिने दुसऱ्याच दिवशी फोटो लावले आणि संध्याकाळपर्यंत निम्मे जमिनीवर. पुश पिनची सुई असते जेमतेम 1 सेंटीमीटर. ती फोममध्येच संपत होती, खालच्या बोर्डापर्यंत पोचतच नव्हती. आणि जिथे जिथे पिन काढली तिथे सॅटिनवर कायमचं भोक. मुलगी काही बोलली नाही, पण ती भोकं झाकायला तिने त्यावर स्टिकर लावले, ते पाहून मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून कापड घेताना मी आधी त्याला टाचणी टोचून बघते. कोपऱ्यात एक टाचणी टोचायची, काढायची आणि त्या जागी नख घासायचं. जाडसर, साध्या विणीच्या सुती किंवा लिननच्या कापडात टाचणी दोन धाग्यांच्या मधून वाट काढते आणि नख फिरवलं की धागे परत जवळ येतात, भोक दिसेनासं होतं. सॅटिनचे धागे बारीक आणि दाट, शिवाय ते वरून लांबवर मोकळे धावतात. टाचणीने ते सरकतात किंवा तुटतात आणि खूण राहते. मखमलीची लव दबते. टी-शर्टसारखं ताणणारं कापड तर घेऊच नकोस, ते आज घट्ट बसतं आणि काही दिवसांत मधे पोट सुटतं. रेघा आणि चौकडीही पहिल्या वेळी नकोत, कारण कापड अर्ध्या बोटाने जरी तिरकं गेलं तरी चौकडी ते लगेच दाखवते. बारीक फुलांचं सुती छापील कापड घे, त्यात बारीकसारीक चुका सामावून जातात. आणि आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. न धुता लावलंस आणि पुढे कधी डाग पडला म्हणून काढून धुतलंस, तर ते परत त्या बोर्डाला पुरणार नाही.

आता पाया. बुचाचा बोर्ड मिळाला तर उत्तम. बूच म्हणजे एका जातीच्या ओकची साल. झाड न तोडता ती सोलून काढतात, पहिल्यांदा झाड सुमारे 25 वर्षांचं झालं की आणि त्यानंतर साधारण दर 9 वर्षांनी. जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. त्या सालीच्या पेशी हवेने भरलेल्या असतात, म्हणून टाचणी शिरताना त्या दबतात आणि काढली की पुन्हा फुगून भोक बुजवतात. इतकी वर्षं टोचूनही बुचाचा बोर्ड चाळणीसारखा का दिसत नाही, त्याचं कारण हे. पण बूच तपकिरी असतं, फिक्या पातळ कापडातून ते खालून डोकावतं. तेव्हा मधे एक पांढरा सुती कपडा घालायचा.

बूच नाही मिळालं तर 12 मिलिमीटरचा सॉफ्ट बोर्ड घे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला मऊ फळा. माझे बहुतेक बोर्ड त्याचेच आहेत. थर्माकोल नको, एकाच जागी चार वेळा टाचणी लावली की ती पकडत नाही. सॉफ्ट बोर्डाची एक अडचण आहे, स्टेपल त्यात घट्ट बसत नाहीत, कापड ताणलं की भुगा होऊन बाहेर येतात. म्हणून मी त्याच्या मागच्या बाजूला चारही कडांना बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या सरसाने चिकटवते आणि रात्रभर वजनाखाली ठेवते. स्टेपल त्या पट्ट्यांत मारायचे. नंतर टांगायचे हूकही त्यांतच बसतात.

बोर्डावर पॉलिएस्टरच्या वॅडिंगचा, म्हणजे रजईत भरतात तशा कापसासारख्या अस्तराचा, एकच पातळ थर अंथर. फोम अजिबात नको, हे आता तुला सांगायला नको. वॅडिंग कडेवरून जरासं मागे वळव, म्हणजे लाकडाची धार कापडातून उठून दिसत नाही.

आणि आता ताणणं. मंजू, या कामातला हा भाग मला सगळ्यात आवडतो. 60 बाय 90 सेंटीमीटरचा बोर्ड असेल तर चारही बाजूंना 8 सेंटीमीटर जास्त धरून कापड काप, म्हणजे 76 बाय 106. ते टेबलावर उलटं पसर, त्यावर वॅडिंग, त्यावर बोर्ड पालथा. आता कापडाचा उभा धागा शोध, तो किनारीला समांतर धावतो. तो धागा बोर्डाच्या कडेला समांतर बसला पाहिजे. उरेब, म्हणजे तिरकं, पडलं तर कापड एका कोपऱ्याकडे ओढ खातं आणि मग कितीही ताणलं तरी सरळ होत नाही. पहिला स्टेपल वरच्या बाजूच्या बरोबर मधे. दुसरा त्याच्या समोर, खालच्या बाजूच्या मधे. मग डावीकडे मधे, उजवीकडे मधे. एवढे चार झाले की बोर्ड उलटून बघ, कापडावर चौकटीसारखा हलका ताण दिसेल. मग मधून कोपऱ्यांकडे जायचं, एक स्टेपल इकडे, एक समोर, दर तीन-चार सेंटीमीटरवर.

ओढताना बोटांच्या चिमटीत धरू नकोस. तळहात पसरून सरकव. चिमटीने ओढलं की प्रत्येक स्टेपलपाशी कडेला छोटी खळी पडते आणि पुढून ती कड दातेरी दिसते. हे माझ्याकडून अजूनही कधी कधी होतं. झालं तर चपट्या पेचकसाने तो स्टेपल उचलून पुन्हा मारायचा, आळस करायचा नाही, कारण तीच खळी पुढे रोज दिसत राहते.

कोपऱ्यांपासून चार बोटं आधी थांब. कोपऱ्याचं टोक तिरकं आत ओढून तिथे एक स्टेपल मार, मग दोन्ही बाजूंच्या घड्या त्याच्यावर आण, गादीवर चादर खोचतो तशा. जादा जाड झालेलं कापड आतून थोडं कापून टाक, नाहीतर बोर्ड भिंतीपासून उचललेला राहतो. बाकी मागची बाजू कशीही दिसली तरी चालते.

टाचण्यांबद्दल एवढंच, की सपाट डोक्याच्या ड्रॉइंग पिन नकोत. त्या नखाने उचकटताना कापड ओरबाडतं. पुश पिनला बोटात धरता येईल अशी मूठ असते, ती सरळ आत जाते आणि सरळ बाहेर येते. अमेरिकेत 1900 साली एडविन मूर यांनी ती पिन बनवायला सुरुवात केली, तिचा आकार अजूनही जवळपास तोच आहे. टांगताना दोन हूक लाव, एकावर बोर्ड सारखा तिरका होतो. ओलसर भिंतीवर लावू नकोस आणि थेट उन्हातही नको, छापील रंग तर उडतातच, शिवाय लावलेल्या फोटोंच्या जागा गडद राहून चौकोन उमटतात.

आता तुझा पलंगपोस. जुनं सूत टाचण्या सोसत नाही, धागा बाजूला सरकण्याऐवजी तुटतो. म्हणून त्याचा फितींचा बोर्ड कर. बोर्ड वरच्यासारखाच, फक्त वर फिती तिरक्या, एकमेकींना छेदत जाणाऱ्या, आणि फोटो, पत्रं त्यांच्याखाली नुसती खोचायची. फितींची टोकं मागे स्टेपल करायची आणि जिथे दोन फिती भेटतात तिथे एक बटण, जाड दोऱ्याने आरपार ओवून मागे घट्ट बांधलेलं. अशा फिती फार दाट लावतात, आणि मग खालचं कापड दिसतच नाही. तू दोन फितींत 15 सेंटीमीटरचं तरी अंतर ठेव. वेलीवरून शक्य तितक्या कमी फिती जाऊ दे.

कापायची वेळ येईल तेव्हा कात्री विरलेल्या मधल्या भागातूनच चालवायची. तो भाग तसाही गेलेलाच आहे. पलंगपोसाचा एक अख्खा कोपरा मिळाला की वेल बोर्डाच्या डावीकडून खाली आणि तळाशी आडवी जाईल. कापायच्या आधी मागून इस्त्रीने चिकटणारं अस्तर लाव, शिंपी त्याला फ्यूजिंग म्हणतात, म्हणजे ताण त्या अस्तरावर येईल, जुन्या धाग्यांवर नाही. मात्र कशिद्यावर इस्त्री उलट्या बाजूने आणि खाली जाड टॉवेल घालून, नाहीतर टाके चपटे होतील. वेल जिथे मागे वळेल तिथे दोन बोटं सोडून मगच कड धर, फुलाच्या मधोमध घडी नको.

पहिला बोर्ड झाला की त्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव, पुढून नको, कोपरे कसे वळलेत ते मला बघायचंय. आणि तोवर पलंगपोस उजेडात पसरून एवढंच कर, विरलेला भाग प्रत्येक कडेपासून किती आत सुरू होतो ते मोज. खिडकीच्या काचेसमोर धरलंस की पातळ जागा लगेच कळेल. ते चार आकडे मला लिही, त्यावरून बोर्डाचं माप मी काढून देते.

तुझी,
नीला